उजनीच्या कुरवांमधले जीवाणू आणि ब्राउनश्वाइगची मोफत सेवा: टीवायजीएस वापरून पाहिली

मी ज्या सेवेबद्दल लिहितेय ती फुकट आहे, पण तिच्या दारापर्यंत पोचायला आमच्या विभागाला ६०,१८० रुपये लागले. म्हणून आधी हिशोब मांडते. कुरवांच्या (सीगल पक्ष्यांच्या) विष्ठेतून वेगळे केलेले सहा जीवाणू, प्रत्येकाच्या पूर्ण जीनोमच्या सीक्वेन्सिंगचे, म्हणजे त्याची सगळी जनुकीय अक्षरं वाचून घेण्याचे, साडेआठ हजार, म्हणजे ५१ हजार, वर १८ टक्के जीएसटी. हे पैसे एका खासगी प्रयोगशाळेला गेले. तिथून जनुकीय अक्षरांच्या सहा फाइली आल्या. त्या जिथे टाकल्या आणि 'हा जीवाणू कोण?' याचं उत्तर जिथून मिळालं ती सेवा म्हणजे टीवायजीएस, टाइप स्ट्रेन जीनोम सर्व्हर. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये डीएसएमझेड नावाचा सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह आहे, ती संस्था हा सर्व्हर चालवते. यान मायर-कोल्टहॉफ आणि मार्कुस ग्योकर या तिथल्या दोन संशोधकांनी २०१९ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला.

मी उजनीकाठच्या भिगवणपासून तासाभराच्या अंतरावर, तालुक्याच्या गावात एम.एस्सी.च्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आमच्याकडे ऑटोक्लेव्ह आहे, दोन इन्क्युबेटर आहेत, जुना पण चांगला सूक्ष्मदर्शक आहे आणि उणे २० अंशाचा एक फ्रीजर आहे. सीक्वेन्सर नाही, सर्व्हर नाही, इंटरनेट बहुतेक वेळा माझ्या फोनचं. ही यादी मुद्दाम देतेय. अशाच खोल्यांमध्ये काम करणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहायला बसलेय.

कुरव निवडले कारण ते सगळं खातात. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे असे दोन्ही कुरव उतरतात. तपकिरी डोक्याच्यांची वीण लडाख आणि तिबेटच्या पठारावरच्या सरोवरांकाठी होते, म्हणजे हिमालय ओलांडून आलेला पक्षी. इथे तो मासे खातो, मेलेले मासे खातो, काठावरचा कचरा चिवडतो आणि पर्यटकांनी होडीतून उधळलेली शेवही झेलतो. माणसाच्या पोटातले, माशांच्या अंगावरचे आणि पाण्यातले जीवाणू एकाच आतड्यात भेटतील तर ते इथे, असा माझा विचार होता. आणि हेच पाणी खाली सोलापूरपर्यंत माणसं पितात.

पक्ष्याला हात लावायचा नव्हता, तरी वनविभागाला पत्र दिलं आणि मगच गेलो. जानेवारीत सकाळी सातला, धुक्यात. होडीवाले काका म्हणाले, "मॅडम, हितं गाळावर बसत्यात बघा. पर जरा लांबनं घेतो, न्हाईतर समदी उठत्याल." थवा आपणहून उठेपर्यंत थांबलो आणि डोळ्यांदेखत पडलेली, अजून ओली असलेली विष्ठाच तेवढी स्वॅबवर घेतली. वाळलेल्यातलं काहीच घेतलं नाही. बर्फाच्या डब्यात ठेवून साडेदहापर्यंत प्रयोगशाळेत आणलं आणि दुपारपर्यंत प्लेटा लावून झाल्या.

आता मूळ प्रश्न. प्लेटवर कॉलनी आली, तिचं नाव काय? आम्ही शिकलो आणि शिकवतो ती पद्धत गुणधर्मांची: लॅक्टोज आंबवतो का, इंडोल तयार करतो का, सायट्रेटवर वाढतो का. त्यानंतर आलं १६एस. प्रत्येक जीवाणूच्या रायबोझोमसाठी (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रासाठी) लागणारं हे जनुक साधारण दीड हजार अक्षरांचं असतं. ते वाचायचं आणि जुळवायचं. स्वस्त आहे, गल्लोगल्ली होतं, आणि बहुतेक प्रकल्पांचं गाडं तिथेच थांबतं.

ते तिथे का थांबू नये, हे मुलांना समजावताना मी एकच गोष्ट सांगते. बांगलादेशात जुलाब झालेल्या एका बाळाच्या विष्ठेतून एक जीवाणू वेगळा केला गेला. १९९१ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं तेव्हा गुणधर्मांवरून त्याला 'हाफनिया अल्व्हेय' म्हटलं होतं. पुढे तपासणी वाढत गेली आणि तो आतड्यात नेहमी आढळणाऱ्या ई. कोलायचा (एशेरिकिया कोलायचा) भाऊबंद निघाला. २००३ मध्ये त्याला नाव मिळालं, एशेरिकिया अल्बर्टाय. त्यानंतर २००४-०५ च्या हिवाळ्यात अलास्कात रेडपोल नावाचे छोटे, लाल टोपीचे पक्षी मोठ्या संख्येने मेलेले सापडले, आणि त्यांच्या शरीरात सापडला हाच अल्बर्टाय. बाळाच्या पोटातला आणि बर्फातल्या पक्ष्याच्या पोटातला जीवाणू एक आहे, हे नाव नीट लागल्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं असतं? नुसत्या १६एसवर त्याला ई. कोलायपासून वेगळं काढणं फार अवघड, कारण त्या जनुकात दोघं जवळजवळ सारखे आहेत.

म्हणून पूर्ण जीनोम. ई. कोलायसारख्या जीवाणूत ही अक्षरं ५० लाखांच्या आसपास असतात. दीड हजारांऐवजी ५० लाख अक्षरं हाताशी असली की वाद फारसा उरत नाही. पण ती कशाशी ताडून पाहायची? इथे टीवायजीएसचं खरं मोल आहे. ती सेवा तुमच्या जीवाणूची तुलना इंटरनेटवरच्या कोणत्याही फाइलीशी करत नाही, फक्त टाइप स्ट्रेनशी करते. टाइप स्ट्रेन म्हणजे त्या प्रजातीचं नाव ज्या एका जिवंत वंशावर ठेवलेलं असतं तो वंश. बाजारातली सगळी वजनं ज्या प्रमाण वजनाशी पडताळतात, तसा. ई. कोलायसाठी हा वंश डीएसएमझेडच्या संग्रहात ३००८३ क्रमांकाने ठेवलेला आहे. सार्वजनिक साठ्यांमध्ये चुकीच्या नावाने चढवलेले जीनोम भरपूर आहेत. त्यांच्याशी तुलना केली की दुसऱ्याची चूक आपल्या वहीत उतरते.

तुलनेचं माप जुनं आहे. १९८७ मध्ये जीवाणू-वर्गीकरणाच्या समितीने ठरवलं की दोन वंशांचे डीएनए एकमेकांशी ७० टक्के किंवा जास्त जुळले तर ती एक प्रजाती धरायची. ते त्या काळी प्रत्यक्ष डीएनए उकळून, थंड करून, जोड्या जमवून मोजत. एकेका जोडीला दिवस जात आणि दोन प्रयोगशाळांचे आकडे पुष्कळदा जुळत नसत. टीवायजीएस हेच माप संगणकावर काढते. आधी झटपट चाळणी लावून सर्वांत जवळचे टाइप स्ट्रेन निवडते, १६एस जनुकावरूनही आणखी काही निवडते, मग प्रत्येकाशी अख्खा जीनोम लावून बघते. उत्तर टक्क्यांत येतं आणि प्रत्येक आकड्याबरोबर त्याची खालची-वरची मर्यादाही येते. ७० च्या वर एक प्रजाती, ७९ च्या वर एक उपप्रजाती.

आमच्या नमुन्यांवर विसंबण्याआधी मी सेवेचीच परीक्षा घेतली. ज्यांचं नाव पक्कं माहीत आहे असे दोन प्रसिद्ध जीनोम उतरवून घेतले, फाइलींची नावं बदलून 'क' आणि 'ख' केली आणि पाठवले. 'क' होता अल्बर्टाय. उत्तर बरोबर आलं, आणि ई. कोलायशी जुळणी चाळीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे संशयाला जागाच नाही. 'ख' होता कॅम्पिलोबॅक्टर व्होलुक्रिस. हा २०१० मध्ये स्वीडनमधल्या काळ्या डोक्याच्या कुरवांमधून वर्णन केलेला जीवाणू, आमच्या गाळावर बसतो त्याच प्रजातीच्या पक्ष्यामधला. तोही अचूक ओळखला. (आमच्याकडे कॅम्पिलोबॅक्टर वाढवायला लागणारी कमी ऑक्सिजनची सोय नाही. ती झाली की कुरवांकडे पहिला शोध याचाच घ्यायचा आहे.)

वापरणं सोपं आहे. पानावर जायचं, जुळवलेल्या जीनोमची फास्टा फाइल (अक्षरांची साधी मजकूर-फाइल) चढवायची, ईमेल द्यायचा आणि थांबायचं. एक फाइल जेमतेम पाच एमबीची, फोनच्या हॉटस्पॉटवरही दोन मिनिटांत चढली. आमचे सहा मी सकाळी टाकले, दुसऱ्या दिवशी दुपारी निकालाचा दुवा आला. त्याच कामासाठी जीटीडीबी-टीके नावाचं दुसरं चांगलं साधन आहे, पण त्याचा संदर्भसाठाच शंभर जीबीच्या घरात जातो. तो आमच्या विभागातल्या कोणत्याही संगणकावर मावणार नाही.

निकालात एक तक्ता असतो आणि दोन वंशवृक्ष: एक पूर्ण जीनोमवरून, एक १६एसवरून. दोन्ही वृक्ष शेजारी ठेवून वर्गात दाखवले तेव्हा १६एस कुठे कमी पडतं हे मला वेगळं समजवावं लागलं नाही. तक्त्यात प्रत्येक जोडीसाठी जुळणी तीन सूत्रांनी दिलेली असते, डी०, डी४ आणि डी६. तुकड्या-तुकड्यांत जुळवलेल्या, अपुऱ्या जीनोमसाठी डी४ बघायचं, कारण बाकी दोघांसारखं ते जीनोमच्या लांबीवर अवलंबून नसतं. बाजूला जी+सी टक्केवारीतला, म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांपैकी जी आणि सी यांच्या एकूण वाट्यातला फरक. हा शेवटचा रकाना लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येणार आहे.

आमच्या सहांपैकी भि-१, भि-२ आणि भि-३ हे ई. कोलाय. इथे पहिल्यांदा वापरणाऱ्याची तारांबळ उडते, आमचीही उडाली. भि-१ च्या तक्त्यात सगळ्यात वरचा आकडा ई. कोलायचा नव्हताच. वर होता शिगेला सोनाय, त्याखाली शिगेला फ्लेक्सनेरी, आणि ई. कोलायचा टाइप स्ट्रेन ७३ टक्क्यांवर. आमच्या वर्गातली एक मुलगी घाबरून म्हणाली, "मॅडम, हे आमांशाचे जंतू ना? आपण तर नुसते हातमोजे घालून काम केलंय." तिला बसवून सांगितलं ते इथेही सांगते. जीनोमच्या हिशोबाने शिगेला ही वेगळी प्रजातीच नाही, ती ई. कोलायच्या कुटुंबातली आहे. डॉक्टरांच्या जगात ते नाव इतकं रुजलंय आणि त्याला इतका अर्थ आहे की ते तसंच ठेवलं गेलं. ई. कोलायचा टाइप स्ट्रेन कुटुंबाच्या एका टोकाला आहे आणि शिगेला दुसऱ्या फांदीवर. तुमचा साधासुधा ई. कोलाय त्या दुसऱ्या फांदीवरचा असेल तर त्याला शिगेला जवळचा वाटणार. ठरवायचं कसं? आमचा जीवाणू लॅक्टोज आंबवत होता, हँगिंग ड्रॉपमध्ये (काचेखाली लटकत्या थेंबात) छान पोहत होता, शिगेला सहसा यातलं काही करत नाही, आणि शिगेलाची ओळख असलेलं आयपीएएच जनुक त्याच्या जीनोममध्ये नव्हतं. म्हणजे ई. कोलाय. सेवेने चूक केलेली नाही, आकडे बरोबर आहेत. पण ते वाचायला पुस्तकाबाहेरची एवढी माहिती लागते आणि ती तक्त्यात लिहिलेली नसते. नवख्यांसाठी या एका गटापुरती तरी ठळक सूचना असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

भि-४ ने मला सर्वांत जास्त आनंद दिला. गुणधर्मांवरून आणि १६एसवरून तो एंटरोकॉकस फीसियम होता. हे नाव ऐकलं की रुग्णालयात काम केलेल्या माणसाच्या कपाळावर आठी येते, कारण औषधांना न जुमानणारा फीसियम अतिदक्षता विभागात फार त्रास देतो. आमच्या नोंदवहीत तेच नाव गेलं असतं, आणि 'उजनीच्या कुरवांत रुग्णालयातला जीवाणू' अशी बातमी व्हायला वेळ लागला नसता. टीवायजीएसने सांगितलं की फीसियमच्या टाइप स्ट्रेनशी जुळणी ७० च्या खाली आहे आणि एंटरोकॉकस लॅक्टिसशी बरीच वर. फीसियमचा जो गट निरोगी आतड्यांत राहतो तो जीनोमवरून लॅक्टिस ठरतो, हे २०२१ मध्ये दाखवलं गेलंय. रुग्णालयात गाजलेला गट वेगळा. आमच्या पाहुण्या पक्ष्याच्या पोटात बहुधा त्याचं नेहमीचं बिऱ्हाड होतं. एका नावाने त्या पक्ष्यावरचा केवढा आळ टळला!

आता भि-५. हे जरा सविस्तर सांगते, कारण पैसे गेले ते इथे आणि शिकायला मिळालं तेही इथेच.

प्रयोगशाळेच्या अहवालात भि-५ समोर लिहिलं होतं 'एशेरिकिया कोलाय', आणि दर्जाच्या रकान्यात 'पास', हिरव्या खुणेसह. टीवायजीएसमध्ये टाकल्यावर डी४ सूत्राने जुळणी भरघोस आली. नाव तेच. मी फाइल बंद करणार होते. तेवढ्यात डी० आणि डी६ चे आकडे दिसले. दोन्ही खूप खाली. आणि जी+सी मधला फरक पाचच्या जवळ. एकाच प्रजातीत हा फरक १ टक्क्याच्या आत असायला हवा. ५ हा आकडा एका प्रजातीत बसतच नाही.

मग जीनोमचा आकार पाहिला: ७९ लाख अक्षरं. ई. कोलायचा असतो ५० लाखांच्या घरात. वरची २९ लाख कुठून आली?

फ्रीजरमधली नळी काढली, काचपट्टीवर पसरून ग्राम रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. गुलाबी दांड्यांच्या गर्दीत जांभळे, गोल, जोड्या-जोड्यांनी बसलेले कॉकाय. दोन जीवाणू एकत्र राहत होते. ई. कोलायच्या मोठ्या कॉलनीच्या कडेखाली एंटरोकॉकसची टाचणीच्या टोकाएवढी कॉलनी लपली होती आणि आम्ही दोन्ही एकाच लूपने उचलल्या होत्या. एंटरोकॉकसची जी+सी टक्केवारी ३७ च्या आसपास, ई. कोलायची ५१ च्या आसपास. दोघांची भेसळ केली की सरासरी साधारण ४६ ला येते. हिशोब तंतोतंत लागला.

चूक आमची होती. तीनदा स्ट्रीक करून (प्लेटवर पसरवून एकेक कॉलनी सुटी काढून) शुद्धता बघायला हवी होती, सत्र संपत आलं म्हणून एकदाच केलं. पण माझी तक्रारही आहे. ज्या प्रयोगशाळेने हा जीनोम जुळवला तिला ७९ लाख हा आकडा आमच्या आधी दिसला होता. त्याच अहवालात, दुसऱ्या पानावर, तो छापलेला होता. तरी 'पास'. फोन केला तेव्हा "सीक्वेन्सिंगचा दर्जा चांगला आहे, नमुनाच तसा होता" एवढंच उत्तर मिळालं. दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण साडेआठ हजार रुपये देणाऱ्या लहान महाविद्यालयाला 'तुमचा नमुना मिश्र दिसतोय' एवढं एक वाक्य लिहून पाठवणं अवघड नसतं. आम्ही पुन्हा शुद्ध केला, पुन्हा पाठवला, पुन्हा १०,०३० रुपये भरले. या वेळी ४९ लाख अक्षरं, जी+सी ५०.६, तिन्ही सूत्रांचे आकडे एका रांगेत. कॉकाय जपून ठेवलेत, त्यांच्या सीक्वेन्सिंगसाठी पैसे उरले नाहीत.

यानंतर आमच्याकडे एक नियम झालाय. फाइल आली की आधी युरोपीय गॅलॅक्सी सर्व्हरवर, तोही फुकट आहे, चेकएम चालवायचं. कोणत्याही जीवाणूत एकदाच असायला हवीत अशी जनुकं दोनदा दिसली तर ते भेसळ सांगतं. ५ टक्क्यांच्या वर भेसळ असेल तर टीवायजीएसकडे जायचंच नाही. टीवायजीएस भेसळ शोधायला बनवलेली नाही, पण तिने निकालाशेजारी पुरावा मांडून ठेवला होता, आणि त्या पुराव्यामुळेच आम्हाला नावावर शंका घेता आली. नुसतं नाव देणारं दुसरं एखादं साधन वापरलं असतं तर भि-५ आजही आमच्या नोंदवहीत ई. कोलाय म्हणून असता. नाव बरोबर, जीनोम चुकीचा. त्यातून पुढे औषधरोधाची जनुकं शोधली असती तर एंटरोकॉकसची जनुकं ई. कोलायच्या माथी मारली गेली असती.

औषधरोधाचं निघालंच आहे तर सांगते, ते या सेवेत मिळत नाही. त्यासाठी डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाची रेसफाइंडर ही वेगळी सेवा आहे, तीही मोफत. एकाच प्रजातीतले दोन वंश एकमेकांचे किती जवळचे, म्हणजे कुरवातला ई. कोलाय आणि गावातल्या माणसातला ई. कोलाय एकाच साखळीतले का, हेही टीवायजीएस सांगत नाही. तिचं काम प्रजाती-उपप्रजातीपर्यंत. आणि प्लेटवर न वाढणारे, नुसत्या डीएनएवरून कळलेले जीवाणू हवे असतील तर तिथे जीटीडीबी उजवं, कारण बहुतेक न वाढणाऱ्यांना टाइप स्ट्रेनच नसतात. यापैकी कशालाही मी दोष म्हणत नाही, पण फॉर्म भरण्याआधी माहीत असलेलं बरं.

एक गोष्ट मात्र खास आवडली. निकालातली नावं एलपीएसएन या नामकोशाशी जोडलेली आहेत. हा कोश १९९७ मध्ये फ्रान्सच्या झाँ यूझेबी यांनी सुरू केला आणि २०२० पासून तोही डीएसएमझेडकडे आहे. नावावर टिचकी मारली की ते कोणी, कधी ठेवलं, आज वैध आहे का, आधी काय होतं, सगळं समोर येतं. आमच्या प्रात्यक्षिकाच्या पुस्तकातली काही नावं केव्हाच बदलली आहेत, हे मुलांनी तिथेच शोधून काढलं. एका विद्यार्थ्याने आठवड्याभरात अशी अकरा नावं पेन्सिलीने दुरुस्त करून आणली.

राहिला भि-६. एरोमोनास, पाण्यातला आणि माशांवरचा जीवाणू. मासे खाणाऱ्या पक्ष्याच्या विष्ठेत तो असणारच. टीवायजीएसचं उत्तर आलं: 'संभाव्य नवी प्रजाती.' सर्वांत जवळचा एरोमोनास वेरोनाय, जुळणी ६९.१. वर्गात जल्लोष झाला. मी नाही म्हणणार नाही, माझीही छाती क्षणभर धडधडली. भिगवणच्या गाळातली नवी प्रजाती! एका मुलाने लगेच वहीच्या मागच्या पानावर लॅटिन नावं जुळवायला घेतली, त्यात 'उजनीएन्सिस' होतंच.

पण आकड्याशेजारची मर्यादा वाचली: ६६.१ ते ७२.०. म्हणजे ७० ची रेघ या पट्ट्याच्या आत पडते. सेवा सांगतेय ते असं की खरा आकडा ७० च्या अलीकडे असेल किंवा पलीकडेही असेल. मग दुसरं माप काढलं, सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य (जुळणाऱ्या भागांत किती टक्के अक्षरं सारखी), ज्याची रेघ ९५ ते ९६ वर धरतात. ते आलं ९६.४. जी+सी मध्ये फरक ०.२. चेकएमवर भेसळ नगण्य, हे आता आम्ही आधीच पाहिलं होतं. गुणधर्मांच्या चाचण्या सगळ्या वेरोनायसारख्या.

मी मुलांना सांगितलं की याला नवी प्रजाती म्हणता येणार नाही. नवं नाव ठेवायचं तर वंश दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत जिवंत ठेवावा लागतो, प्रमाणपत्रं लागतात, वर्णन प्रसिद्ध करावं लागतं. ते सगळं करायची आमची तयारी आहे, पण एका टक्क्याहूनही कमी फरकावर उभं राहून नाही. नावं जुळवणारा मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "मॅडम, पुढच्या हिवाळ्यात असेच आणखी चार-पाच मिळाले आणि सगळे ६९ वरच आले तर?"

त्याचा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचं उत्तर गाळावरच मिळेल. नोंदवहीत भि-६ समोर 'एरोमोनास वेरोनाय' लिहून कंसात तिन्ही आकडे लिहिलेत. फ्रीजरमध्ये त्याच्या तीन नळ्या आहेत, एक पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्राकडे ठेवायला पाठवायची आहे. होडीवाल्या काकांना डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारचं सांगून ठेवलंय. या वेळी दहा स्वॅब, प्रत्येक कॉलनी तीनदा स्ट्रीक, आणि फाइली पाठवण्याआधी प्रत्येकाची ग्राम रंगाची काचपट्टी मला दाखवायची.